दोन डोंगर आणि एक बांध

कांहीं वर्षांपूर्वीं पेण येथील एका शाळेंत मुलांच्या चित्रांचें परीक्षण करण्याचा योग आम्हांस आला. चित्रकलेंत आमची गति प्रेक्षकापुरतीच. परंतु महाविद्यालयांत इतिहास शिकविणारा मनुष्य कोणत्याहि विषयावर निर्णय देऊं शकतो अशी एक समजूत आपल्या समाजांत आहे, आणि तिचा फायदा आम्हीं आजवर पुष्कळ वेळां घेतला आहे. विषय होता ‘माझ्या गांवचा देखावा’. साठएक चित्रें टेबलावर मांडलेलीं होतीं. त्यांपैकीं पन्नासांहून अधिक चित्रांत दोन त्रिकोणी डोंगर होते; त्या दोहोंमधून सूर्य वर येत होता; डोंगरांच्या पायथ्याशीं उगम पावलेली नदी वळणें घेत कागदाच्या खालच्या कडेपर्यंत पोंचली होती; तिच्या एका तीरावर उतरत्या छपराचें घर आणि दुसऱ्या तीरावर नारळाचें झाड होतें.

त्या खोलीच्या पश्चिमेकडील खिडकींतून बाहेर जें दिसत होतें त्यांत यांपैकीं कांहींच नव्हतें. भातखाचरांची लांबच लांब सपाटी, तिच्या शेवटीं मातीचा एक बांध, बांधापलीकडे तिवरांची काळसर हिरवी पट्टी, आणि उरलेलें सगळें आकाश. पेणच्या पाठीशीं महालमिऱ्याचा डोंगर आहे हें खरें. परंतु तो कांहीं मुलांनीं काढला तसा त्रिकोणी नाहीं, आणि त्याच्या पोटांतून निघून कोणतीहि नदी सरळ शाळेकडे येत नाहीं. मुलांनीं पाहून काढलें नव्हतें. ‘देखावा’ म्हणजे काय हें त्यांस आधींच ठाऊक होतें, व तें त्यांनीं काढलें होतें. बक्षीस कोणास दिलें तें आतां आठवत नाहीं. परंतु हे दोन डोंगर आले कोठून, हा प्रश्न मात्र तेव्हांपासून आमच्या मागें लागला.

सृष्टीवर प्रेम करण्यांत आपले पूर्वज कोणास हार जाणारे नव्हते. ‘मेघदूता’चा कर्ता ज्या देशांत झाला त्या देशास हें सांगावयास नको. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडांत जें चित्रसूत्र आहे त्यांत पर्वत, नदी, अरण्य, रात्र, पहाट आणि निरनिराळे ऋतु चित्रांत कसे दाखवावे याचे नियम दिलेले आहेत. परंतु हे नियम ‘वर्षाऋतु’ ओळखावा कशावरून याचे आहेत. अमक्या गांवीं अमक्या श्रावणांत पडलेला पाऊस कसा दिसला याचे नव्हेत. आपल्या जुन्या चित्रांत सृष्टि ही नायिकेच्या विरहाची साक्षीदार किंवा देवाच्या लीलेची भूमि म्हणून येते. वाईजवळ मेणवली येथील नाना फडणविसांच्या वाड्यांतील भित्तिचित्रें पाहावीं. तेथें झाडें आहेत, परंतु तीं कोणाच्या तरी मागें उभीं आहेत. समोरील भूभाग हाच चित्राचा नायक, मनुष्य त्यांत असला तर मुंगीएवढा, ही कल्पना चीन देशांत मात्र हजार वर्षांपूर्वींच पूर्णावस्थेस पोंचली होती. तेथें अशा चित्रास ‘पर्वत-जल’ याच अर्थाचें नांव आहे, आणि ग्वो शी या चित्रकाराचें १०७२ सालचें ‘वसंतारंभ’ हें चित्र आजहि पाहणारास खिळवून ठेवतें. पण चीनची ही विद्या आमच्याकडे आली नाहीं. आमच्याकडे आली ती विलायतेची, आणि ती आली कंपनीच्या वकिलाबरोबर पुण्यास.

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ सालीं मुंबईस उतरला. पुणें दरबारांतील इंग्रज वकील मॅलेट याच्या आश्रयानें त्यानें सवाई माधवराव व नाना यांचीं चित्रें काढलीं हें बहुतेकांस माहीत असतें. त्यानें मुंबई बेटाचे व आसपासचे बारा देखावे काढले होते हें तितकेंसें माहीत नसतें. ते त्याच्या मृत्यूनंतर, १८०० सालीं, प्रसिद्ध झाले. पुण्यांत त्याच्या हाताखालीं जे एतद्देशीय शिकले त्यांत गंगाराम चिंतामण तांबट हा प्रमुख. वेरुळच्या लेण्यांचीं गंगारामानें केलेलीं रेखाटनें पाहिलीं म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते: हा मनुष्य एका ठराविक जागीं उभा राहून, तेथून डोळ्यांस दिसतें तेवढेंच काढीत आहे. आपल्याकडे हें नवीन होतें. १७९३ त थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे मुंबईस आले, वेल्सला भेटले, आणि पुढें त्यांच्या ‘ओरिएंटल सीनरी’ या ग्रंथाच्या १४४ चित्रांनीं हिंदुस्थान कसा दिसतो हें विलायतेंत कायम करून टाकलें.

या सर्व मंडळींच्या सामानांत रंगपेटीबरोबर एक अदृश्य सांचाहि होता. तो फ्रान्समध्यें जन्मून रोममध्यें राहिलेल्या क्लोद लोरें (१६००–१६८२) याचा. जवळचा भाग काळोखा; कडेला एक मोठें झाड, जणूं रंगभूमीची विंग; मधोमध पाणी; आणि पाण्यापलीकडे दूर, सोनेरी उजेडांत विरघळणारे डोंगर. पुढें इंग्लंडांत विल्यम गिल्पिन नांवाच्या धर्मोपदेशकानें ‘चित्रासारखें’ दिसणाऱ्या स्थळांचें एक शास्त्रच बनविलें. त्यांत नांगरलेल्या, बांध घातलेल्या सपाट शेताला जागा नव्हती. तें उपयोगी असेल, सुंदर नव्हे. हा चष्मा घालून जो मुंबईस उतरे त्याची पावलें आपोआप घाटाकडे वळत. १८०४ च्या सुमारास विल्यम वेस्टॉल यानें सह्याद्रीचीं रेखाटनें केलीं. कॅप्टन ग्रिंडले याच्या १८२६ ते १८३० या काळांत निघालेल्या ग्रंथांत बोरघाटाच्या माथ्यावरून दिसणारा देखावा दिला आहे. जेम्स फोर्ब्सच्या ग्रंथांत कोंकणांतील दासगांव आहे, पण तेंहि डोंगर आणि नदी यांच्या मेळामुळें. पनवेलपासून रोह्यापर्यंतची जी खाडीपट्टी, तिजवर हे कुंचले रेंगाळले नाहींत. तेथें डोळा अडकवावयास कांहीं नाहीं असेंच त्या सांच्याचें मत पडलें असतें.

१८५७ च्या मार्चमध्यें मुंबईस जमशेटजी जिजीभाईंच्या नांवाचें कलाविद्यालय उघडलें, आणि ही दृष्टि आपल्या मुलांच्या हातांत रीतसर उतरूं लागली. परंतु सामान्य मराठी घरापर्यंत ती पोंचली ती विद्यालयामार्गें नव्हे. आमचें मत असें आहे कीं, आपल्या आजोबा-पणजोबांनीं पहिलें निसर्गचित्र पाहिलें तें नाटकाच्या पडद्यावर. जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा हे कंपनीच्या बिऱ्हाडाबरोबर बैलगाडींतून गांवोगांव जात. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर हे बंधु चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं अशा पडद्यांसाठींच नांवाजलेले होते. दुसरा मार्ग रविवर्म्याच्या छापखान्याचा. १८९४ सालीं मुंबईंत निघून पुढें मळवलीच्या डोंगरांत गेलेल्या या छापखान्यानें लक्ष्मी, सरस्वती आणि गंगावतरण देवघरांत आणलें, आणि देवतांच्या पाठीमागें डोंगर, तळें आणि उजळलेलें आकाशहि आणलें. डॅनियलचा सांचा असा तसबिरीच्या चौकटींत बसून आमच्या भिंतीवर आला. त्यावर सरकारी रेखाकला परीक्षांनीं शिक्कामोर्तब केलें. ‘स्मरणचित्र’ या प्रश्नास थोडक्या वेळांत उत्तर लिहावयाचें, तर पाठ केलेले दोन डोंगर उपयोगी पडतात. खिडकीबाहेर पाहात बसणारा नापास होतो.

पेणसारख्या गांवीं हें विशेष जाणवतें, कारण तेथें कुंचला धरणाऱ्या हातांचा तोटा नाहीं. पेण, हमरापूर, जोहे या बाजूला घरोघर गणपति होतात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर एका श्वासांत जी रेघ ओढतो ती पाहून आम्हीं मोठमोठ्या चित्रकारांना माना डोलावतांना पाहिलें आहे. परंतु तेथें ‘देखावा’ म्हणजे गणपतीपुढील आरास; बाहेरची जमीन नव्हे. (आपल्या भाषेंत ‘नुसता देखावा’ म्हटलें म्हणजे ढोंग असाहि अर्थ होतो, हें जातां जातां नमूद करतों.) या मातींतून जी प्रतिभा वर आली ती मूर्तीकडेच वळली. धरमतरच्या खाडीपलीकडे सासवणें येथें १८९१ त जन्मलेले विनायकराव करमरकर हे गणपति करणाऱ्या घरांतले. त्यांचा हात कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडला, त्यांनीं त्यांस मुंबईस शिकावयास पाठविलें, आणि पुढें पुण्याचा अश्वारूढ शिवाजी १९२८ त त्याच हातानें घडविला. घोडा आणि स्वार यांत करमरकरांस तोड नव्हती. पण त्या घोड्याखालची जमीन काढणारा दुसरा मुलगा त्या किनाऱ्यावर निघाला नाहीं.

येथें कोणी म्हणेल, सपाट खारजमिनींत काढण्यासारखें आहे तरी काय? याचें उत्तर हॉलंडनें साडेतीनशें वर्षांपूर्वीं देऊन ठेवलें आहे. ‘लँडस्केप’ हा शब्दच इंग्रजांनीं डच लोकांकडून सोळाशेंच्या सुमारास घेतला. त्या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीखालीं. बांध घालून, पवनचक्क्यांनीं पाणी उपसून मिळविलेला. बेम्स्टर नांवाचें सरोवर १६१२ त कोरडें करून त्याची शेती केली, आणि तिला भांडवल पुरविलें आम्स्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनीं. त्याच शतकांत त्या देशानें निसर्गचित्रांचा असा कांहीं सपाटा लावला कीं त्याला तोड नाहीं. यान व्हान गोयेन याच्या चित्रांत काय असतें? चिखलाच्या रंगाचें पाणी, एक होडी, एक बांध, दूर देवळाचा मनोरा. याकोब व्हान राइस्डाल (मृत्यु १६८२) यानें हार्लेम शहराचे जे देखावे काढले त्यांत चित्राचा दोन-तृतीयांश भाग नुसतें आकाश आहे. खालीं एका पट्टींत शेतें, आणि हिरवळीवर उन्हांत वाळत घातलेल्या कापडाच्या पांढऱ्या रेघा. डोंगर नाहीं, धबधबा नाहीं. ढगाची सावली एका शेतावर पडली आहे, दुसरें उन्हांत आहे; एवढ्यावर त्यानें सगळें उभें केलें आहे. (राइस्डालनें धबधबेहि काढले, पण ते आम्हांस त्याच्या सपाटीइतके खरे वाटत नाहींत.)

आतां हेंच वर्णन पेणच्या खारीला लावून पाहावें. ही जमीनहि माणसांनीं खाडीपासून हिसकून घेतलेली आहे. १८८३ च्या कोलाबा गॅझेटियरांत पेण तालुक्यांतील ‘शिलोत्री’ पद्धतीची हकीकत आहे: खाजणास बांध घालणारा आणि त्याची डागडुजी राखणारा तो शिलोत्रीदार, आणि त्याबद्दल त्यास शेतकऱ्याकडून धान्याचा ठराविक हिस्सा. बांधाला जागजागीं उघाड्या. उघाडी म्हणजे पाणी जाण्याची वाट व तिजवर झडप. ओहोटीला आंतील पावसाच्या पाण्याच्या दाबानें ती उघडते, भरतीला बाहेरील पाण्याच्या दाबानें मिटते. दोन-तीन पावसाळ्यांत मीठ धुऊन निघालें म्हणजे रत्याचें तांबडें भात येऊं लागतें. एका उधाणांत बांधाला खांड पडली कीं ती सगळी मेहनत एका रात्रींत खारी होते. बांधाबाहेर मिठागरें, आगर राखणारा तो आगरी, हें त्या समाजाचें नांवच या जमिनींतून निघालेलें आहे. फाल्गुन-चैत्रांत मिठागरांत पाणी आटूं लागतें तेव्हां एकाच आकाशाचीं शंभर चौकोनी प्रतिबिंबें जमिनीवर पडलेलीं असतात. राइस्डालला हें मिळतें तर त्यानें हार्लेम सोडलें असतें असें आम्ही म्हणत नाहीं, पण त्याला परकें खास वाटलें नसतें.

मग फरक कोठें पडला? आमच्या मतें तो दृष्टींत नसून भिंतींत आहे. हॉलंडांत ज्याचा पैसा बांधांत होता त्याच्याच घरीं चित्र लागत होतें. दुकानदार, दारूभट्टीवाला, नावाडी देखील जत्रेंत चित्र विकत घेई. आपल्या जमिनीकडे तो जसा अभिमानानें पाही तसाच तिच्या चित्राकडेहि पाही. आमच्याकडे खारीचें धान्य ज्याच्या कोठारांत जाई त्याच्या दिवाणखान्यांत राम-पंचायतन असे, आणि ज्याच्या पाठीवरून बांधाची माती वाहिली गेली त्याच्या कुडाला चित्र टांगण्याजोगी भिंतच नव्हती. सासवण्याच्याच अलिबाग तालुक्यांत, चरीच्या परिसरांत, १९३३ पासून सुमारे सहा वर्षें कुळांनीं खोतांविरुद्ध संप करून जमिनी पडीक ठेवल्या. कसणारा आपल्या हातानें आपलें शेत ओसाड ठेवतो, यापेक्षां करुण निसर्गचित्र कोणतें असेल? तें काढलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

आमच्या चित्रकारांवर हा ठपका नव्हे. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनीं (मृत्यु १९३१) कोटितीर्थाचें एकच तळें प्रहराप्रहरास निराळें होतांना पाहिलें आणि काढलें. साध्या पाण्याच्या रंगांत मराठी माणसानें जें मिळविलें त्याचा पाया तेथें आहे. १९०८ त जन्मलेले प्रल्हाद अनंत धोंड हे मालवणच्या समुद्राचे चित्रकार. मुंबईच्या कलाविद्यालयाचे पुढें ते अधिष्ठाता झाले. त्यांच्या कांहीं चित्रांत ओल्या कागदावर दोन-तीन आडवे फटकारे असतात आणि तेवढ्यांत ओहोटीची पुळण, पाणी व पावसाळी हवा उभी राहते. आडव्या रेषेला भिऊं नये हें त्यांनीं दाखविलें. खारीचा चित्रकार व्हावयास दुसरें काय पाहिजे? परंतु धोंड मालवणचे होते, आबालाल कोल्हापूरचे. प्रत्येकानें आपलें पाणी काढलें. पेणचें पाणी पेणकरानेंच काढावयास हवें होतें.

रोह्याची गोष्ट निराळी. आगगाडी १९८६ पासून रोह्यापर्यंत जाते, आणि पुढें कोंकण रेल्वे तेथूनच सुरू होते. पेण सोडून कासू, नागोठणें मागें टाकलें म्हणजे सपाटी आवळत जाते, डोंगर जवळ येतात, आणि रोह्यास कुंडलिकेच्या कांठीं उतरल्यावर वाटतें कीं आलें एकदांचें तें चित्र! अवचितगडाचा डोंगर आहे, नदी आहे, पलीकडे अष्टमीचीं घरें आहेत. दिनदर्शिकेवर छापावें असें. चैत्र-वैशाखांत कोंकणांतील इतर नद्या दगडांवर येतात तेव्हांहि कुंडलिका भरलेली, आणि येणारे पाहुणे निसर्गाच्या उदारपणाची तारीफ करतात. ही उदारता कोठून येते? घाटावर मुळशीस धरण बांधून पाणी अडविलें, तें डोंगरावरून भिऱ्याच्या वीजगृहांत सोडलें; १९२७ पासून तेथें वीज होते आणि निघालेलें पाणी कुंडलिकेंत येतें. त्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं मुळशीच्या मावळ्यांनीं सत्याग्रह केला, सेनापति बापट तुरुंगांत गेले, आणि गांवें पाण्याखालीं गेलीं तीं गेलींच. रोह्याच्या घाटावर उन्हाळ्यांत जो हिरवा डोह दिसतो त्यांत तीं गांवें आहेत. डोंगराच्या चित्रांतहि बांध असतो तो असा. फक्त तो चौकटीबाहेर राहतो. धाटावच्या कारखान्यांचीं धुराडीं देखील चित्रकार बहुधा वगळतात. आम्हांस विचाराल तर तीं ठेवावीं; राइस्डालनें पवनचक्की वगळली नाहीं.

गेल्या आश्विनांत आमचे एक स्नेही, आयुष्यभर शाळेंत चित्रकला शिकविलेले, यांस घेऊन आम्ही पेणच्या पश्चिमेस खारीच्या बांधावर जाऊन बसलों. त्यांनीं कागद ओला केला, तीनदां सुरुवात केली, तीनदां पुसली. “येथें नजर थांबतच नाहीं,” ते म्हणाले, “कशाला धरून काढूं?” भात पिंवळें पडूं लागलें होतें. खाडींत भरती चढत होती, आणि तिवरांच्या मुळ्यांत पाणी शिरल्याचा बारीक आवाज येत होता. चौथ्या खेपेस त्यांनीं फक्त बांधाची एक रेघ ओढली व वरचें आकाश भरावयास घेतलें. तेव्हां तें जमूं लागलें.

इतक्यांत डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक वृद्ध शेतकरी बांधावरून झपझप चालत आला आणि आमच्यापुढें उभा राहिला. चेहरा प्रसन्न नव्हता. “काय मोजताव मास्तर? पुना मोजनी आली काय?”

आम्हांस प्रथम उमगेना. मग उमगलें. या बांधावर कागद घेऊन येणारा आणि जमिनीकडे टक लावून पाहणारा मनुष्य त्यानें जन्मभर एकाच जातीचा पाहिला होता. पैमाष झाली तेव्हां तो आला, धरणाचा कालवा आंखला तेव्हां आला, रुंद रस्त्यासाठीं आला. पेण, उरण, पनवेल या तालुक्यांतील जमिनी विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं घ्यावयाच्या ठरल्या तेव्हां आला. २००८ च्या सप्टेंबरांत पेण तालुक्यांतील २२ गांवांत शेतकऱ्यांचें मत घेण्यांत आलें, तेव्हां गांवोगांवचे म्हातारे रांगा लावून उभे राहिले होते. पुढें ती योजना त्या रूपांत उभी राहिली नाहीं. अशा सर्व कागदांत ही जमीन कशी दिसते तें आम्हीं पाहिलें आहे: कांहीं रेघा, कांहीं आंकडे, आणि मध्यें पुष्कळ मोकळी जागा.

“मोजणी नाहीं, बाबा,” आमचे स्नेही म्हणाले, “चित्र काढतों आहें. तुमच्या खारीचें.”

त्याचा विश्वास बसला नसावा. तो पाठीमागें आला, वांकला, आणि कागदाकडे बराच वेळ पाहात राहिला. आकाशाकडे त्यानें लक्ष दिलें नाहीं. एक बोट पुढें करून, कागदास न लावतां, तो बांधाच्या रेघेवरून या टोंकापासून त्या टोंकापर्यंत गेला.

“ह्यान उघारी नाय,” तो म्हणाला. “उघारी नाय त खार कशी ऱ्हाईल?”

आम्ही उठून पाहिलें. आमच्या डाव्या हाताला, वीसएक पावलांवर, गवतांत अर्धी बुडालेली उघाडी होती. दोन तास बसून ती आमच्या दृष्टीस पडली नव्हती. स्नेह्यांनीं लहान कुंचला काढला व तिच्या जागीं काळसर रंगाचा एक ठिपका दिला. म्हाताऱ्यानें मान हलविली. ती थोडी अलीकडे हवी होती. त्यांनीं ती थोडी अलीकडे घेतली. मग तो उकिडवा बसला, कागद वाळेपर्यंत थांबला, आणि भरतीचें पाणी झडपेला लागल्याचा आवाज आला तेव्हां उठून ती नीट मिटली आहे कीं नाहीं हें पाहावयास गेला.